चणे आहेत तोवर दात

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण ज्यांनी केली, त्यांच्या काळी दोन्ही गोष्टी एकदम हाती लागत नसत. तरुणपणी दात असायचे पण खिसा रिकामा, आणि चार पैसे गाठीला येईपर्यंत तोंडाचं बोळकं झालेलं. आपली पिढी या म्हणीतून सुटली असं वरवर तरी दिसतं. पंचविशीत नोकरी, तिशीच्या आत फ्लॅटचा हप्ता, आणि तोंडात बत्तीस नाही तरी अठ्ठावीस दात. चणेही आहेत, दातही आहेत. मग घोडं अडलं कुठे?

घोडं असं अडलंय मंडळी, की चणे आहेत म्हणूनच आपण दाताकडे मोबाईलच्या स्क्रीनसारखं बघायला लागलोय. फुटली? बदलून टाकू. दात किडला? कॅप बसवू. कॅप गेली? इम्प्लांट करू, हाय काय अन् नाय काय! पैसे मोजले की नवा माल, आणि नवा माल म्हणजे जुन्यापेक्षा बराच असणार, हा आपला लाडका समज. आज थोडं या समजाविरुद्ध लिहायचंय. दातांच्या बाबतीत 'बदलणं' हे अपग्रेड नसतं. ती शेवटची सोय असते. आणि ती वेळ जितकी पुढे ढकलता येईल तितकी ढकलण्यातच शहाणपणा आहे.

दात स्वतःला दुरुस्त करत नाही

हाड मोडलं तर जुळतं. कातडी कापली तर भरून येते. दाताचं तसं नाही. दातावरचं पांढरं कवच, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने साधारण ९६ टक्के नुसतं खनिज. पण ज्या पेशी ते कवच तयार करतात, त्या दात हिरडीतून वर येईपर्यंत संपलेल्या असतात. कोड लिहिणारी टीम रिलीजच्या दिवशीच घरी गेली असं समजा. पुढची साठ-सत्तर वर्षं मेंटेनन्सला कोणी नाही.

अगदीच कोणी नाही असंही नाही म्हणा, लाळ असते. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं, आणि पुन्हा वर आला की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट थोडं थोडं परत बसतं. टूथपेस्टमधलं फ्लोराइड याच कामाला हातभार लावतं. म्हणजे कीड नुसत्या पांढरट डागाच्या अवस्थेत असेल तर ती थांबवता येते, मागेही फिरवता येते. पण एकदा खड्डा पडला की पडला. आणि दिवसभर डेस्कवर साखरेचा चहा घोट घोट घेत बसणाऱ्यांनी लक्षात ठेवा, साखर एकूण किती खाल्ली याइतकंच ती किती वेळा खाल्ली यालाही महत्त्व आहे. दर वेळी पीएच खाली जातो आणि वर यायला अर्धा-पाऊण तास सहज घेतो. दर तासाला एक चहा म्हणजे लाळेला कामच करू द्यायचं नाही.

खड्डा पडल्यावर जे काही होतं ते सगळं वजाबाकीचं गणित आहे. किडलेला भाग कोरून काढायचा आणि तिथे बाहेरचं काहीतरी भरायचं. मग ते आपण ज्याला 'चांदी' म्हणतो ते पारा असलेलं मिश्रण असो, नाहीतर 'सिमेंट' म्हणतो ते पांढरं कॉम्पोझिट. (ती चांदी आता मागे पडत चालली आहे. युरोपीय संघाने तर २०२५ पासून काही वैद्यकीय अपवाद सोडता तिच्या वापरावर बंदीच घातली.) भरलेला पदार्थ काही वर्षांनी कडेला झिजतो, चीर पडते, फटीतून पुन्हा कीड शिरते. मग जुनं काढा, अजून थोडं कोरा, मोठं सिमेंट भरा. पुढे दाढेची भिंत पातळ होते, एखाद्या दिवशी सुपारीवर किंवा चिक्कीवर तुटते. मग कॅप. मग रूट कॅनल. मग दाढ काढणं. मग तिच्या जागी काहीतरी. दंतवैद्यकात हे चक्र चांगलं ओळखीचं आहे. प्रत्येक पायरीवर स्वतःचा दात कमी आणि परका माल जास्त होत जातो, आणि उलट दिशेला जायची सोय नाही. व्हर्जन कंट्रोल नाही हो तिथे! :)

पन्नास वर्षांचा हिशोब

आता आपल्या वयाचं गणित मांडू. समजा तुम्ही २८ वर्षांचे आहात आणि डाव्या बाजूच्या खालच्या दाढेवर कॅप बसवायची आहे. दंतवैद्यांच्या भाषेत ही ३६ नंबरची दाढ. पहिला आकडा तोंडाचा कोणता चतकोर ते सांगतो, दुसरा मध्यापासून कितवा दात ते. म्हणजे छत्तिसावा दात असा अर्थ नाही, तिसऱ्या चतकोरातला सहावा. साधी दोन अंकी ॲड्रेसिंग स्कीम. ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते आणि तिच्या आधी तिथला कुठलाही दुधाचा दात पडत नाही. त्यामुळे पुष्कळ आईवडील तिलाच दुधाची दाढ समजून 'पडणारच आहे' म्हणून सोडून देतात. तोंडात सगळ्यात आधी येणाऱ्या कायमच्या दाढांपैकी ती एक, म्हणून बऱ्याचदा सगळ्यात आधी किडणारीही तीच.

तर या ३६ वर कॅप बसली. कॅप चांगली बसली, तुम्ही निगा राखली, तर दहा-पंधरा वर्षं चालावी. काही वीस-पंचवीसही चालतात. पण तुम्हाला त्या दाढेने अजून पन्नास वर्षं जेवायचंय. म्हणजे ही कॅप आयुष्यात एकदा बसवली आणि विसरलो असं होणार नाही. तीन-चार वेळा बदलावी लागेल, आणि दर वेळी आतला दात अजून थोडा झिजवावा लागेल. सत्तरीतल्या माणसाला बसवलेली कॅप आणि अठ्ठाविशीतल्या माणसाला बसवलेली कॅप या म्हणूनच दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सत्तरीत ती शेवटची दुरुस्ती असू शकते. अठ्ठाविशीत ती वर्गणी असते.

म्हणून 'कोणती कॅप चांगली?' या आपल्या आवडत्या प्रश्नाआधी एक प्रश्न यायला हवा. कॅपशिवाय भागेल का? पुष्कळदा भागतं. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर या अमेरिकन दंतवैद्याने दाखवलं की इनॅमलवर सौम्य ॲसिड लावून पृष्ठभाग खडबडीत केला की त्याला रेझिन घट्ट चिकटतं. त्याआधी भरलेली चांदी पडू नये म्हणून चांगला दातसुद्धा विशिष्ट आकारात कोरावा लागे. चिकटवण्याची विद्या आल्यावर किडलं तेवढंच काढून भरणं शक्य झालं. दाढेचा एकच कोपरा गेला असेल तर तेवढाच झाकणारा 'ऑनले' बसवता येतो. जुन्या सिमेंटची एक कड गेली असेल तर सगळं उकरून न काढता तेवढीच कड दुरुस्त करता येते. पूर्ण कॅपसाठी मात्र दात चहूबाजूंनी आणि वरून एक-दोन मिलिमीटर घासावा लागतो. एक-दोन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं, पण दाताच्या हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागातला निम्म्याहून जास्त माल त्यात जातो.

वॉरंटी कार्ड कोणाचं?

कॅप बसवलीच, तर हल्ली सोबत एक छान कार्ड मिळतं. झिर्कोनिया, दहा वर्षं वॉरंटी, पंधरा वर्षं वॉरंटी. आपण ते इन्व्हॉइससारखं जपून ठेवतो. पण ती वॉरंटी आहे कॅपची, दाताची नव्हे. आणि गंमत अशी की कॅप बहुतेक वेळा बिघडतच नाही. झिर्कोनियाला कीड लागत नाही, कीड लागते ती आतल्या दाताला, जिथे कॅप संपते आणि दात सुरू होतो त्या रेषेवर. कॅप ठणठणीत आणि आत दात सडलेला, हा प्रकार दंतवैद्य रोज बघतात. तेव्हा कार्ड दाखवून उपयोग नसतो.

झिर्कोनिया हा पदार्थ भारी आहे यात वाद नाही. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या तीन संशोधकांनी 'नेचर'मध्ये त्याला 'सिरॅमिक पोलाद' म्हणावं का असा प्रश्न विचारला होता. त्यात चीर पुढे सरकायला लागली की चिरेच्या टोकाशी असलेले स्फटिक आपली रचना बदलतात, आकारमानाने साधारण चार टक्क्यांनी फुगतात आणि चीर आवळून धरतात. एक्सेप्शन हँडलिंग मटेरियलमध्येच बांधलेलं! पण हाच झिर्कोनिया पुढच्या दातांसाठी जास्त पारदर्शक केला की त्याची ही ताकद कमी होते. म्हणजे इथेही ट्रेड-ऑफ आहेच. आणि मागच्या दाढेला, जिथे कोणी बघत नाही, तिथे साधी धातूची कॅपही उत्तम काम करते. शिवाय तिला जागा कमी लागते, म्हणजे दात कमी घासावा लागतो. तिचा दोष एकच, ती धातूसारखी दिसते. आपल्याकडे स्वस्त म्हणून ती कमी दर्जाची ठरली आहे, एवढंच.

खरं काम त्या रेषेवर असतं. दात कसा घासला, माप कसं घेतलं, कड किती चपखल बसली. १९८५ साली झुरिकमध्ये डॉक्टर मॉरमान आणि इंजिनियर ब्रांडेस्टिनी यांनी तोंडात कॅमेरा घालून मशीनवर दाताची भरणी कोरून दाखवली. आज त्याच वाटेने आलेले स्कॅनर आपल्या शहरातल्या दवाखान्यांत दिसतात. बघायला मजा येते. पण स्कॅनर जे आहे तेच दाखवणार, मूळ घासणी वाकडी तर फाइलही वाकडी. गार्बेज इन, गार्बेज आउट हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

बदनाम रूट कॅनल

'रूट कॅनल' म्हटलं की लोक 'त्यापेक्षा दाढच काढून टाका ना' म्हणतात. हा मला सगळ्यात घातक सल्ला वाटतो, आणि तो बहुधा ऑफिसच्या कँटीनमध्ये मिळतो.

रूट कॅनलमध्ये होतं काय? दाताच्या आत रक्तवाहिन्या आणि नसांचा जो गर असतो तो सुजला किंवा मेला की काढून टाकतात. मुळातल्या बारीक नळ्या स्वच्छ करून जंतुनाशकाने धुतात आणि बंद करतात. बंद करायला वापरतात गट्टापर्चा, म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक. १८५८ ची अटलांटिक महासागराखालची पहिली तार याच चिकाने मढवलेली होती. समुद्राचं पाणी तारेत शिरू नये म्हणून जे वापरलं, तेच जंतू मुळात शिरू नयेत म्हणून वापरतात. इतकी जुनी आणि साधी कल्पना आहे ही.

आणि हो, गर मरायला लागलेल्या दाढेच्या ठणक्यावर केमिस्टकडून अँटिबायोटिक आणून घेणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. औषध रक्तातून जातं, आणि मेलेल्या गरापर्यंत रक्तच पोचत नाही. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बरं वाटतं ते खरं, त्यातलं युजेनॉल दंतवैद्यही तात्पुरत्या सिमेंटमध्ये वापरतात. पण त्याने वेळ मिळतो, उपाय होत नाही.

एक मात्र नीट समजून घ्या. मी वर 'कॅप पुढे ढकला' म्हटलं ते रूट कॅनल झालेल्या दाढेला सहसा लागू नाही. ती आतून कोरलेली असते, चावताना उभी चिरू शकते. ठणका थांबला की 'कॅपचं बघू नंतर' म्हणून गायब होणारे पेशंट दंतवैद्यांच्या पाचवीला पुजलेले असतात. सहा महिन्यांनी दाढ उभी फुटते, आणि मुळापर्यंत उभी फुटलेली दाढ वाचवता येत नाही. रूट कॅनलचे पैसेही पाण्यात.

इम्प्लांट चांगलं आहे, पण कोणाला?

स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडावर प्रयोग करताना दिसलं की टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, निघता निघत नाही. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे खुंट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले तोवर ते खुंट शाबूत होते. इम्प्लांटबद्दल आदर वाटावा असाच हा इतिहास आहे. दात नसलेल्या माणसाला याहून चांगली सोय आज नाही. ब्रिज करायचा तर शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात, आणि कवळी ती कवळीच. नुसतीच मोकळी जागा ठेवली तर शेजारचे दात तिकडे कलतात, समोरचा लांबतो.

पण 'दात नसलेल्या माणसाला' हे शब्द महत्त्वाचे. आपला दात हाडात थेट रोवलेला नसतो. मधे साधारण पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तो शॉक ॲब्सॉर्बरही आहे आणि सेन्सरही. भातातला बारीक खडा लागल्याबरोबर जबडा आपोआप थांबतो ना, ते काम बरंचसं त्याचं. इम्प्लांटला हा थर नसतो. कीड लागत नाही हे खरं, पण सफाई राखली नाही तर भोवतालचं हाड मात्र झिजतं. म्हणजे ज्या आळसापायी दात गेला, तोच आळस इम्प्लांटलाही घालवू शकतो.

कधी काढणंच योग्य असतं. मूळ उभं चिरलं असेल, आधार देणारं हाड गेलं असेल, किंवा हिरडीच्या वर धड दात उरलाच नसेल. कॅपला पकडायला चहूबाजूंनी साधारण दोन मिलिमीटर तरी निरोगी दात लागतो. विळ्याच्या मुठीवरचं लोखंडी कडं जसं लाकूड फाटू देत नाही, तसं कॅपची कड दाताला आवळून धरते. धरायला लाकूडच नसेल तर कडं काय करणार? अशा दातावर पैसे घालत बसणं हीसुद्धा हौसच.

लग्नाआधीचं स्माईल

आता जरा टोचणारं. लग्नाआधी सहा-आठ चांगले, न किडलेले पुढचे दात घासून त्यांवर एकसारख्या पांढऱ्याशुभ्र कॅप बसवायची जी टूम निघाली आहे, ती मला पटत नाही. फोटो छान येतात. पण निरोगी दाताची बदली आयुष्यभराच्या वर्गणीशी केली जाते, आणि ते कोणी पॅकेजच्या पत्रकात छापत नाही. दात वाकडे असतील तर तारा लावा, वेळ लागेल. पिवळे असतील तर आधी साफ करून घ्या, मग हवं तर ब्लीचिंग करा. दोन्हींत दात घासावा लागत नाही. आपला दात, आपला पैसा, मी कोण सांगणार? पण वर मांडलेला पन्नास वर्षांचा हिशोब कोणीतरी समोर ठेवावा, मग खुशाल ठरवावं.

मेडिक्लेम आणि 'लुटतात साले'

दाताकडे दुर्लक्ष होण्याचं एक कारण आपल्या विम्यात आहे. बहुतेक मेडिक्लेम चोवीस तास ॲडमिट होण्याच्या हिशोबाने रचलेले असतात. दाताचं काम खुर्चीत तासाभरात होतं, म्हणून अपघात वगैरे सोडला तर ते बाहेरच राहतं. ज्या पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे तिथे थोडंफार मिळतं, तेही वाचून बघावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचे आजार आहेत. एवढ्या मोठ्या आजाराला विमा 'शरीराबाहेरचा' मानतो. कंपन्यांच्या एचआरने योगासनांच्या सेशनसोबत वर्षातून एक दंततपासणी जरी पॉलिसीत आणली, तरी पुष्कळ दाढा वाचतील. आपणही विचारत नाही, हा त्यातला अर्धा भाग.

'दंतवैद्य लुटतात' हे मला सरसकट पटत नाही. पटत नाही ते न सांगता केलेलं काम. म्हणून विचारा, संकोच करू नका:

१. एक्स-रे मला दाखवून समजावून सांगाल का?
२. कॅपऐवजी सिमेंट किंवा ऑनलेने भागेल का? नसेल तर का नाही?
३. कॅपसाठी धरायला पुरेसा दात उरलाय का?
४. या दाढेला धातूची चालेल का?
५. काहीच केलं नाही तर वर्षभरात काय होईल?

नीट उत्तरं देणारा डॉक्टर चार पैसे जास्त घेत असेल तरी तोच स्वस्त. पैशांची अडचण असेल तर मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं आहेत. तिथे शिकणारे हात असले तरी मागे शिकवणारे उभे असतात. रांग असते, फेऱ्या पडतात, पण काम होतं.

थोडक्यात, लवकर जा आणि थोडक्यात भागवा. दुखायच्या आधी गेलात तर बहुधा छोटं सिमेंट भरून घरी याल. दुखल्यावर गेलात तर यादी लांबत जाते. आपल्या धंद्यात जुनी सिस्टीम फेकून नवीन लिहू म्हणणारा उत्साही माणूस प्रत्येक टीममध्ये असतो, आणि जुनीत काय काय गुपचूप चालत होतं हे ती बंद केल्यावरच कळतं. दाताखालचा तो पाव मिलिमीटरचा थर तसाच आहे. त्याचं डॉक्युमेंटेशन नाही, बॅकअप नाही.

असो. चणे संपलेले नाहीत, दातही आहेत. शेवटच्या तपासणीला वर्ष उलटून गेलं असेल तर सोमवारी अपॉइंटमेंट घ्या. आणि रात्रीचा ब्रश, तेवढा मात्र आजच.